कॉम्प्युटर स्लीपमध्ये टिकत नाही, रात्रभर आपोआप जागा होतो : मदत हवी आहे

पाऊलवाट | सोमवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल, पण घरातल्या एका माणसाची झोप त्यावर अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा डेस्कटॉप बाबांच्या खोलीत आहे, दुसरीकडे टेबल मावत नाही. बाबांची झोप मुळातच सावध. एकदा मोडली की पहाटेपर्यंत कूस बदलत पडतात. रात्री पावणेअकराला मी काम आटोपते, स्टार्ट मेन्यूतून स्लीप देते. पंखा थांबतो, पुढचा दिवा लुकलुकायला लागतो, सगळं नीट. मग काही वेळाने पंखा भर्रकन फिरतो, मॉनिटर उजळतो आणि खोलीभर निळा उजेड. काल सकाळी गेले तर मॉनिटरवर टॉवेल टाकलेला होता. बाबा रात्री उठून तो टाकत होते आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते. तो टॉवेल पाहून फार वाईट वाटलं.

आधी हे महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. गेल्या दोन महिन्यांपासून रोज होतंय. विंडोज ११, कॉम्प्युटर तीन वर्षांचा, मॉनिटर नवा, माऊस बिनवायरचा, कीबोर्ड वायरचा, इंटरनेटही वायरने. दहा मिनिटं काम नसेल तर आपोआप स्लीपमध्ये जावं असं सेटिंग आहे, आणि तसा तो जातोही. रीस्टार्ट, व्हायरस तपासणी, माऊस उलटा करून ठेवणं, सगळं झालं. फरक शून्य.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९:४०

ताई, रात्री सरळ शटडाऊन करा. मी तर भिंतीवरचं बटणही बंद करतो. इतकी वर्षं कधी त्रास नाही.

जुनाजाणता | सोमवार, सकाळी १०:०५

@रात्रपाळी, शटडाऊननंतर बटण बंद केलंत तर हरकत नाही. पण हा धागा वाचून कोणी स्लीपमध्ये असलेल्या मशीनचं बटण बंद करू नये, म्हणून लिहितो. स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे बंद असतात, पण रॅमला वीज लागते. तुमच्या उघड्या फायली तिथेच जिवंत ठेवलेल्या असतात. वीज गेली की जे सेव्ह केलेलं नाही ते गेलं. डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू असेल तर डिस्कवरही एक प्रत असते आणि काम वाचतं, पण ते चालू आहे याची खात्री केल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

पाऊलवाट | सोमवार, सकाळी १०:२०

@रात्रपाळी, सुचवल्याबद्दल आभार. अगदीच जमलं नाही तर तेच करीन. पण माझ्या कामात पंधरा-वीस फायली आणि दोन शब्दकोश एका ठरावीक मांडणीत उघडे असतात. रोज सकाळी ती मांडणी पुन्हा करण्यात वेळ जातो. आणि खरं सांगायचं तर कारण कळायला हवं आहे.

कळफलक | सोमवार, दुपारी १:३३

कारण कळतं. कॉम्प्युटर स्वतः नोंद ठेवतो, आपण ती वाचत नाही एवढंच.

आधी एक फरक. "झोपत नाही" आणि "झोपून उठतो" ही दोन वेगळी दुखणी आहेत. झोपतच नसेल तर कुठलातरी प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) त्याला अडवून धरतो आणि ते "पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स" या आज्ञेने दिसतं. तुमचा झोपतो आणि उठतो, म्हणून ती आज्ञा तुमच्या कामाची नाही. खूप लोक तिथेच अडकतात.

तुमच्यासाठी तीन आज्ञा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. टाईप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं, पॉवरसीएफजी सलग, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि पुढचा शब्द.

"पॉवरसीएफजी /लास्टवेक" : शेवटचं कोणी उठवलं.
"पॉवरसीएफजी /वेकटायमर्स" : पुढे उठवण्यासाठी कोणी गजर लावून ठेवलाय.
"पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड" : उठवायची परवानगी कोणकोणत्या उपकरणांना आहे.

लास्टवेक फक्त शेवटचीच जाग सांगते. सकाळी तुम्ही स्वतः कीबोर्ड दाबून उठवलंत की रात्रीचा चोर त्या यादीतून गेलेला असतो. त्यामुळे मागच्या रात्रीसाठी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम, आणि "पॉवर-ट्रबलशूटर" या सोर्सचे १ क्रमांकाचे इव्हेंट गाळून घ्या. प्रत्येकात तीन गोष्टी असतात : झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि वेक सोर्स, म्हणजे उठवणारा.

निळीशाई | सोमवार, दुपारी ३:१०

माझं दुखणं याच जातीचं आहे. लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत ठेवते आणि दोन तासांनी काढते तर चटका बसेल इतका गरम, बॅटरी अर्धी. हेच उपाय चालतील का? नाहीतर वेगळा धागा काढते.

जुनाजाणता | सोमवार, दुपारी ४:०२

@निळीशाई, इथेच लिहितो. "पॉवरसीएफजी /ए" देऊन बघा. उत्तरात एस-३ दिसलं तर तुमची झोप डेस्कटॉपसारखी खरी आहे. "एस-० लो पॉवर आयडल" दिसलं तर तो मोबाईलसारखा आहे : पडदा बंद, पण आत अधूनमधून मेल, अपडेट, सूचना अशी हालचाल चालू. बंद बॅगेत ती हालचाल लांबली तर उष्णतेला बाहेर जायला जागाच नसते. "पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी" दिलंत की मागच्या तीन दिवसांचा अहवाल एका फाईलमध्ये मिळतो. प्रत्येक झोपेत किती बॅटरी गेली आणि कोणी खाल्ली ते त्यात असतं. तोवर एक करा : झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट ठेवा. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद होतं, उघडायला थोडा जास्त वेळ लागतो. बॅगेत जाणाऱ्या लॅपटॉपसाठी मी दुसरं काही सुचवत नाही.

पाऊलवाट | मंगळवार, सकाळी ८:०५

कळफलक, तुमचे मनापासून आभार. मला वाटत होतं की तो रात्रीतून तीन-चार वेळा उठतो. नोंदींत काल एका रात्रीत एकवीस वेळा जाग आलेली निघाली. एकवीस! बाबांनी त्यातल्या किती झेलल्या असतील कोण जाणे.

सगळ्या वहीत उतरवून घेतल्या. उठवणारे तीन आहेत. चौदा वेळा "यूएसबी एक्सएचसीआय कंप्लायंट होस्ट कंट्रोलर", सहा वेळा नेटवर्क कार्ड आणि पहाटे तीनला एकदा "टायमर". सुरुवातीच्या काही :

१०:४५ झोप, ११:०० जाग, यूएसबी
११:१० झोप, ११:२५ जाग, यूएसबी
११:३५ झोप, ११:३९ जाग, नेटवर्क
११:४९ झोप, १२:०४ जाग, यूएसबी

उठवायची परवानगी असलेल्या यादीत कीबोर्ड, माऊस आणि नेटवर्क कार्ड अशी तीन नावं आहेत.

कळफलक | मंगळवार, सकाळी ८:५०

ते लांबलचक नाव म्हणजे यूएसबीची भोकं सांभाळणारा कंट्रोलर, आणि यूएसबी म्हटलं की माझा पहिला संशय माऊसवर. ऑप्टिकल माऊसचं सेन्सर चकचकीत टेबलावर किंवा बारीक कंपनाने "हललो" असं कळवतं. डिव्हाइस मॅनेजर, माऊस, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि कॉम्प्युटरला उठवू देणारी खूण काढा. कीबोर्डची राहू द्या, सकाळी उठवायला काहीतरी हवंच. नेटवर्क कार्डाचीही काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली "अलाऊ वेक टायमर्स" बंद करा. तिन्ही आजच.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ९:३०

कळफलक, तिन्ही दुरुस्त्या योग्य आहेत, पण तिन्ही आजच नकोत. एका रात्री एकच बदल, आणि सकाळी वही. तीन बदल एकदम केले आणि तरी तो उठला, तर कुठला उपाय लागू पडला आणि कुठला वाया गेला हे कळत नाही. माणसं मग बायोसपर्यंत (विंडोजच्याही आधी चालू होणारी मदरबोर्डाची सेटिंग्ज) जाऊन दिसेल ते बंद करत सुटतात आणि महिन्याभराने दुसरंच काहीतरी बिघडतं. मी स्वतः तसं केलेलं आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय.

दुसरं. ताई, नावांपेक्षा वेळांकडे बघा. गजराची जाग घड्याळाच्या ठोक्याला येते, तीन म्हणजे तीनच. नेटवर्क आणि माऊस बाहेरच्या हालचालीवर अवलंबून, त्यांना वेळकाळ नसतो. तुमची यूएसबीची जाग मात्र प्रत्येक वेळी झोपल्यानंतर बरोबर पंधरा मिनिटांनी येते. माऊस इतका वक्तशीर नसतो. झोप लागल्यामुळेच काहीतरी सुरू होतंय आणि पंधरा मिनिटांनी पूर्ण होतंय, असा तो आकडा आहे. काय ते मला आत्ता सांगता येत नाही. माऊसची खूण काढून बघाच, एक नाव तरी वगळता येईल.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी ७:५५

माऊसची परवानगी काढली. रात्री तो ड्रॉवरमध्ये ठेवला, त्याचा यूएसबी रिसीव्हरसुद्धा काढून. यूएसबीच्या जागा होत्या तशाच, पंधरा मिनिटांनी. जुनाजाणता, तुमचं म्हणणं खरं ठरलं. आज नेटवर्क कार्ड.

पेंग्विनप्रेमी | बुधवार, सकाळी ११:१५

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात, कारण शोधत शोधत कोणीतरी इथे पोचेल. "/प्रॉक/एसीपीआय/वेकअप" ही फाईल वाचा. कुठल्या जोडणीला उठवायची मुभा आहे ते "एनेबल्ड" म्हणून दिसतं. एक्सएचसी (यूएसबीचा कंट्रोलर) हे नाव रूट होऊन, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, त्याच फाईलमध्ये लिहिलं की मुभा उलटते, पण रीस्टार्टनंतर ते पुसलं जातं, कायमचं हवं तर सिस्टिमडीची छोटी सर्व्हिस (मशीन सुरू होताना आपोआप चालणारं काम) करावी लागते. यूएसबी अशी बंद केलीत तर कीबोर्डनेही उठणार नाही, पॉवरचं बटण दाबावं लागेल. मॅकवर "पीएमसेट -जी लॉग" दिलं की त्यात प्रत्येक वेळी जाग का आली ते असतं.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:४०

मला एक मुळातलं समजावून सांगा. मशीन झोपलेलं आहे, मग नेटवर्क कार्डाला ऐकू कसं येतं?

जुनाजाणता | बुधवार, दुपारी २:२०

चांगला प्रश्न. पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टची एक वेगळी लाईन कायम चालू असते. तिला स्टँडबाय म्हणतात. मशीन झोपलं की रॅम, यूएसबीचे काही पोर्ट आणि नेटवर्क कार्ड तिच्यावर जगतात. म्हणूनच शटडाऊननंतरही नेटवर्कच्या पोर्टावरचा दिवा काही मशीनवर लुकलुकताना दिसतो. कार्ड वायरवरून येणारी पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) बघत बसतं आणि ओळखीचं पाकीट दिसलं की मदरबोर्डाला उठवायचा इशारा देतं.

ओळखीचं म्हणजे कोणतं, यातच सगळी गोम आहे. एक असतं मॅजिक पॅकेट : सुरुवातीला सलग सहा बाइट एफएफ, आणि पुढे त्या कार्डाचा सहा बाइटांचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. हे चुकून तयार होत नाही, कोणीतरी मुद्दाम पाठवावं लागतं. दुसरा प्रकार पॅटर्न मॅच. त्यात राऊटरने किंवा घरातल्या दुसऱ्या उपकरणाने "अमुक पत्ता कोणाचा?" अशी साधी चौकशी केली तरी कार्ड जागं करू शकतं. पाऊलवाटताईंच्या सहा जागा बहुधा त्यातल्या. बाहेरून मशीन उठवायची गरज असेल तर परवानगी पूर्ण न काढता "ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट" या ओळीवर खूण करावी. गरज नसेल तर सरळ काढावी.

पाऊलवाट | गुरुवार, सकाळी ८:००

नेटवर्कची परवानगी काढली. त्याचं नाव यादीतून साफ गेलं, एकही जाग नाही. पण एकूण जागा एकवीसवरून एकोणीसवर आल्या, म्हणजे दोनच कमी! अठरा यूएसबी आणि एक टायमर. सहा जायला हव्या होत्या ना? काही चुकलं का?

जुनाजाणता | गुरुवार, सकाळी ८:४५

काही चुकलेलं नाही. पूर्वी नेटवर्क मध्येच उठवायचं, त्यामुळे काही वेळा यूएसबीची पंधरा मिनिटं पूर्णच होत नव्हती. आता ती दर वेळी पूर्ण होतात. एक उठवणारा गप्प केला की दुसऱ्याला जास्त संधी मिळते. तुम्ही वही ठेवली नसती तर "उपाय लागू पडला नाही" म्हणून ती खूण परत केली असती. आता टायमर.

पाऊलवाट | गुरुवार, सकाळी ११:३०

टायमर रात्रीची वाट न बघताच सापडला. "/वेकटायमर्स"मध्ये माझ्या बॅकअप प्रोग्रामचं नाव आलं. टास्क शेड्यूलरमध्ये त्याचं रोज पहाटे तीनचं काम होतं आणि कंडिशन्सच्या टॅबमध्ये "हे काम करण्यासाठी कॉम्प्युटरला उठवा" अशा अर्थाची खूण होती. मी कधी केल्याचं आठवत नाही. सगळे टायमर बंद न करता तेवढी खूण काढली आणि बॅकअपची वेळ दुपारची केली.

कळफलक | गुरुवार, दुपारी १२:१०

हे सरसकट बंद करण्यापेक्षा चांगलं केलंत. आता राहिली ती पंधरा मिनिटं. ताई, जमलं तर एकदा तिथे बसूनच बघा. उठण्याच्या क्षणी खोलीत आणखी काय होतं? नोंदीत फक्त कंट्रोलरचं नाव येतं, त्याला कशाने डिवचलं ते येत नाही.

पाऊलवाट | शुक्रवार, सकाळी ७:२०

सापडलं. आधी सांगते काय पाहिलं.

काल रात्री बाबांना माझ्या खोलीत झोपायला सांगितलं आणि त्यांच्या खोलीत दिवा मालवून खुर्चीवर बसले. हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. स्लीप दिली, पंखा थांबला, मॉनिटर काळा झाला. मॉनिटरच्या खालच्या कडेला एक बारीक दिवा आहे, तो पांढऱ्याचा केशरी झाला. कीबोर्डवर कॅप्स लॉकच्या शेजारी एक हिरवा ठिपका आहे, तो चालूच राहिला. मी कॉम्प्युटरच्या पेटीकडे बघत होते, कारण संशय तिच्यावर. दहा मिनिटं, बारा मिनिटं, काही नाही. चौदा मिनिटं पन्नासच्या सुमारास डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी बदलल्यासारखं वाटलं : मॉनिटरचा केशरी दिवा विझला. त्याच क्षणी कीबोर्डचा हिरवा ठिपकाही विझला. एक श्वास घेते न घेते तोच पंखा फिरला आणि खोली निळी झाली.

कीबोर्डचा दिवा का विझावा? वायर हातात धरून अंधारातच मागे गेले आणि लक्षात आलं. या कीबोर्डची वायर आखूड आहे. दोन महिन्यांपूर्वी नवा मॉनिटर आला, त्याला बाजूला यूएसबीची भोकं होती, म्हणून कीबोर्ड तिथे लावला आणि मॉनिटरची यूएसबी वायर कॉम्प्युटरला. दोन महिन्यांपूर्वी! मी पहिल्याच पोस्टमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या आणि एकमेकींशी जोडल्या नाहीत.

मॉनिटरची ती यूएसबी वायर कॉम्प्युटरमधून उपटली, पुन्हा स्लीप दिली आणि बसून राहिले. पंधरा मिनिटं झाली, केशरी दिवा विझला, पंखा फिरला नाही. वीस मिनिटं, अर्धा तास. मग उठून बाबांना हाक मारायला गेले तर ते तिकडे गाढ झोपले होते, म्हणून उठवलं नाही.

जुनाजाणता | शुक्रवार, सकाळी ८:१५

ताई, फार छान शोधलंत. आता पंधरा मिनिटांचा अर्थ लागला. सिग्नल गेल्यावर मॉनिटर आधी हलक्या झोपेत जातो (केशरी), आणि ठरलेल्या वेळाने गाढ झोपेत, त्यात तो स्वतःच्या यूएसबी हबची (बाजूच्या त्या भोकांची) वीजही तोडतो. कीबोर्डला उठवायची मुभा होती, म्हणजे कॉम्प्युटर त्या वाटेवर कान लावून बसला होता. यूएसबीच्या जगात कळ दाबणं हा जसा इशारा असतो तसा उपकरण निघून जाणं हाही असू शकतो. हब गायब झाला, कंट्रोलरने इशारा दिला, मशीन उठलं. उठल्यावर मॉनिटरला सिग्नल मिळाला, तोही उठला. दहा मिनिटांनी दोघं पुन्हा झोपले आणि चक्र पहिल्यापासून सुरू.

कळफलक | शुक्रवार, सकाळी ८:४०

कीबोर्डची परवानगी राहू द्या असं मीच सांगितलं होतं, आणि फट नेमकी तिथेच राहिली. कीबोर्ड कुठे लावलाय हे विचारायला हवं होतं. यापुढे हा प्रश्न पहिला विचारीन.

आता दोन मार्ग. एक, कीबोर्ड सरळ कॉम्प्युटरला लावा, एक्स्टेन्शन वायर घेऊन. दोन, मॉनिटरच्या मेन्यूत स्टँडबायमध्येही यूएसबी चालू ठेवायचं किंवा गाढ झोप बंद करायचं सेटिंग आहे का बघा. पुष्कळ मॉनिटरांत असतं, नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं.

पाऊलवाट | शुक्रवार, दुपारी ४:५०

मेन्यूत चौथ्या पानावर मिळालं, स्टँडबायमध्ये यूएसबी चालू ठेवायचं. ते केलं आणि वायर परत जोडली. दुपारी एक तास स्लीपमध्ये ठेवून पाहिला, उठला नाही. आणि कळफलक, तुमची काहीच चूक नाही. तुम्ही नोंदी वाचायला शिकवलं नसतं तर मी अजून माऊस उलटा करत बसले असते.

निळीशाई | शनिवार, सकाळी १०:३०

माझा एस-० वालाच निघाला. झाकणाला हायबरनेट लावलं. काल बॅगेतून काढला तेव्हा गार होता, बॅटरी जशीच्या तशी. पाऊलवाट, तुमची वही बघून मीही स्लीपस्टडीचा अहवाल ओळ न ओळ वाचला.

पाऊलवाट | पुढचा रविवार, सकाळी ७:१०

नऊ रात्री झाल्या. कालची नोंद : १०:४८ झोप, ६:३१ जाग, उठवणारा कीबोर्ड, म्हणजे मी. मधे काही नाही. आठ रात्री अशाच. एका रात्री नेटवर्क कार्डाचं नाव पुन्हा दोनदा आलं, म्हणून तपासलं तर काढलेली खूण परत आलेली दिसली.

कळफलक | पुढचा रविवार, सकाळी ९:२५

त्याच्या आदल्या दिवशी अपडेट आला होता का बघा. नेटवर्कचा ड्रायव्हर नवा बसला की त्याची सेटिंग्ज पुष्कळदा मूळपदावर जातात. खूण पुन्हा काढा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : ड्रायव्हर बदलला की "/डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड" एकदा. यादीत फक्त कीबोर्ड दिसला पाहिजे.

पाऊलवाट | पुढचा रविवार, सकाळी ९:४०

हो, शुक्रवारी आला होता. खूण काढली, पहिल्या पानावर लिहिलं. टॉवेल धुऊन कपाटात ठेवलाय.